पुस्तक उसवणाऱ्या मोमीन मॅडम

माझी बायको गया गेली त्याला अजून वर्ष झालं नाही. तिच्या ऑफिसानं शोकसभा ठेवली होती. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, टेबलावर हार घातलेला फोटो, आणि एक साहेब उठून बोलले की गयाबाई स्वतःच्या हिमतीवर शिकल्या, अंगणवाडी सेविकेच्या पर्यवेक्षिका झाल्या, त्यांना कुणाचाही आधार नव्हता. लोकांनी माना हलवल्या. माझ्या मस्तकात तिडीक गेली. साहेब भला माणूस, पण बोलला ते खोटं. स्वतःच्या एकटीच्या हिमतीवर कुणी शिकत नसतं. गया असती तर तिनंच उठून सांगितलं असतं. ती नाही, म्हणून मी लिहून राहिलो. मी चौथी शिकलेला, एसटीचा ड्रायव्हर. जन्मभर हातात स्टेअरिंग होतं, पेन नव्हता. चुकलं तर चुकलं.

गयाला शिकवलं लातूरच्या मोमीन मॅडमनी. वर्गात उभं राहून नाही. त्या मास्तरीण नव्हत्याच, एका कॉलेजात ग्रंथपाल होत्या. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही, तिथं अजून लोकांची पोरं शिकतात.

उंच, हडकुळी बाई. डोक्यावरून घट्ट पदर, चष्म्याला काळा दोरा. गंजगोलाईच्या मागच्या बोळात त्यांच्या वडिलांचं जिल्दसाजीचं दुकान होतं, म्हणजे पुस्तकं शिवून पुठ्ठे चढवायचं. लहानपणापासून बापाच्या हाताखाली काम केलेलं, त्यामुळं उजव्या अंगठ्याला दाभणाचा घट्टा पडलेला. आवाज असा की आमचा कंडक्टर त्यांच्यापुढं मुका वाटावा. ग्रंथालयात शांतता राखा अशी पाटी होती आणि त्या पाटीखाली बसून त्याच सगळ्यात जास्त ओरडायच्या.

त्यांची खुर्ची कायम दाराला चिकटून. भूकंपानंतर त्यांनी ती जागा धरली ती सोडलीच नाही. रस्त्यानं भरलेला ट्रक गेला आणि खिडकीची काच वाजली की त्या बोलता बोलता थांबायच्या, एक हात चौकटीवर ठेवायच्या, ट्रक लांब जाईपर्यंत तशाच. मग जिथं थांबल्या त्याच शब्दापासून पुढं. समोरच्याला वाटायचं आपलंच काही चुकलं.

भूकंपात गयाची थोरली बहीण घरासकट गेली. किल्लारीच्या बाजूला दिली होती तिला. गया लई महिने बोललीच नाही. स्वयंपाक करायची, अंगणवाडीत जायची, पण तोंडातून शब्द नाही. मग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "मला शिकायचंय."

मी म्हणालो, "आता? घराला दोन खोल्या बांधायच्यात."

"घर पडतंय," ती म्हणाली. "शिकलेलं पडत न्हाई."

मुक्त विद्यापीठात बारावी नसली तरी पूर्वतयारीची परीक्षा देऊन नाव घालता येत होतं. तिनं दिली. केंद्र नांदेडलाही होतं, पण आम्ही लोह्याला राहायचो आणि माझी ड्यूटी नांदेड-लातूर, म्हणून हिनं लातूर धरलं. तिथलं केंद्र मोमीन मॅडमच्याच कॉलेजात, रविवारी तास. बी. ए. झाली तर पर्यवेक्षिकेच्या जागेला अर्ज करता येणार होता. नाही झाली तर खिचडी शिजवत म्हातारी होणार होती. सगळं त्या एका कागदावर अडलेलं.

कॉलेजचा नियम असा की बाहेरून शिकणाऱ्यांना पुस्तक घरी द्यायचं नाही, तिथंच बसून वाचायचं. आणि रविवारी ग्रंथालय बंद! म्हणजे ज्या दिवशी या बायका येणार त्याच दिवशी कुलूप. मोमीन मॅडम रविवारी स्वतः येऊन कुलूप काढायच्या. आणि नियम गुंडाळून पुस्तकं घरीही द्यायच्या. कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी गयाला सोडायला गेलो होतो. मॅडमनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठून आलात?"

"लोह्याहून."

"वाचता कधी?"

"जमंल तसं."

"जमंल तसं क्या जी? चूल जमंल तशी पेटवता का? मग नवरा उपाशी न्हाई राहत?"

मी हसलो तर माझ्यावर उलटल्या. "तुम्ही हसू नका, डायवरभाऊ. तुम्ही एक येळ भाजी चिरा, हिला तेवढी दोन पानं वाचू द्या."

परतीच्या गाडीत गया रडली. म्हणाली, त्या बाईच्या दारात मी परत पाय ठेवणार नाही. पुढच्या रविवारी माझ्या आधी तयार होऊन दारात उभी.

कोरं पुस्तक परत आलं की मॅडमचं डोकं फिरायचं. बाकीचे ग्रंथपाल डाग पडला म्हणून भांडतात, या डाग नाही म्हणून भांडायच्या. एका बाईनं पुस्तक जसंच्या तसं परत आणलं तर म्हणाल्या, "याला घरात पाहुण्यासारखं बसवलं व्हतं का? हळदीचं बोट न्हाई, तेलाचा ठिपका न्हाई. वाचलं कुठं, देवळात?" आणि ते पुस्तक परत तिच्याच हातात.

आता उसवण्याचं सांगतो. गयाच्या शेवटच्या वर्षाला समाजशास्त्राचा पेपर होता. त्या साली विद्यापीठाची पुस्तकं आलीच नाहीत, आज येतील उद्या येतील म्हणत परीक्षा जवळ आली. बाजारात मिळेना. कॉलेजात एकच जाड पुस्तक, आणि ते मागणाऱ्या चौघी. आमची गया लोह्याची, एक अहमदपूरची, एक चाकूरची, आणि जळकोटची सुमनबाई, जी ब्लाउज शिवून पोट भरायची. चार गावं, एक पुस्तक. रविवारी तिथं बसून वाचायचं म्हटलं तरी चौघी एका पानावर किती वाकणार?

मॅडमनी टेबलाच्या खणातून वडिलांची सुरी काढली. पुस्तक उताणं ठेवलं, पाठीवरून सुरी फिरवली, आणि दोरे तट् तट् तोडले. चौघींनी तोंडावर हात ठेवले. मी दारातच होतो. म्हणालो, "मॅडम, सरकारी पुस्तक फाडलंत?"

"फाडलं न्हाई, उसवलं. तुमचा सदरा उसवला तर फेकता का? शिवताच ना? हे बी शिवीन."

भूकंपानंतर त्या घरं पडलेल्यांच्या पत्र्याच्या शेडात जायच्या, दहावीच्या पोरांना पुस्तकं द्यायला. तिथंही पुस्तक एक आणि पोरं ढीगभर, तेव्हा पहिल्यांदा सुरी चालवली. सांगताना त्यांचा हात थांबला नाही. पुस्तकाचे चार भाग केले, प्रत्येकाला टाके घातले, वर खाकी कागद. रिकामी जिल्द मात्र कपाटात जागेवर उभी, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, म्हणजे वाकू नये. चौघींनी एकेक तुकडा न्यायचा, वाचून झाला की माझ्या गाडीनं पुढच्या गावाला, असं फिरवत राहायचं. जळकोट माझ्या रस्त्यावर नाही, तर सुमनबाईचा तुकडा अहमदपूरला तिकडच्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायचा.

मला आधी ही भानगड नको होती. एसटीतून असं फुकट काही नेणं नियमात बसत नाही. पण गयापुढं माझं चाललं तर ना. एकदा अहमदपूरला तपासणीस चढला. माझ्या सीटखालचं गाठोडं ओढून सोडलं. पहिलं पान वाचलं, परत वाचलं.

"काय हो डायवर, हे पुस्तक तर मधूनच चालू होतंय."

"साहेब, सुरुवात चाकूरच्या बाईकडं हाय."

"आणि शेवट?"

"शेवट जळकोटला. ब्लाउज शिवून झाले की वाचती ती."

त्यानं गाठोडं बांधून सीटखाली सरकवलं आणि काही न लिहिता उतरला. मॅडमला सांगितलं तर म्हणाल्या, "त्याला काय पाहिजे व्हतं, विचारायचं. त्याला बी दिला असता एक तुकडा."

इकडं लातूर बदलून गेलं होतं. जिकडं बघावं तिकडं क्लासचे बोर्ड, पोरांचे पासपोर्ट फोटो, खाली मार्क. आमच्या गाडीत ट्रंका घेतलेली पोरं आणि डब्याची काळजी करणाऱ्या आया. कॉलेजचे वर्ग ओस, क्लासला बसायला जागा नाही. कॉलेजच्या संस्थेच्या सचिवांनीही क्लास काढला. त्यांना ग्रंथालयाचा हॉल पाहिजे होता. टेबलं तयार, पंखे तयार, फक्त कपाटं आणि मोमीन मॅडम हलवायच्या.

गया त्या दिवशी तिथंच होती, तिनं ऐकलेलं सांगतो. सचिव म्हणाले, "मॅडम, या बायका बाहेरच्या. यांचा निकाल आपल्या बोर्डावर लागत नाही."

मॅडम म्हणाल्या, "मग बोर्ड मोठा करा."

सचिव हसले आणि गेले. हे बोलणं मॅडमना महागात पडणार हे गयाला तेव्हाच कळलं होतं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी कळलं, की त्याच आठवड्यात पुस्तकांची पडताळणी आहे. कमिटी बसणार, प्रत्येक पुस्तक कपाटातून काढून बघणार. कॉलेजातल्या शिपायानं चौघींना एकेकीला बाजूला घेऊन सांगितलं, "एक जरी पुस्तक कमी निघालं तर बाईंना घरी बसवणार. ठरलंय त्यांचं." मॅडम मात्र चौघींना एक शब्द बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "तुकडे नीट वाचा, आता बदलायला येळ न्हाई. जिचं जे वाचायचं राहिलं ते तिच्याकडंच हाय."

पडताळणीच्या दिवशी सकाळी गयानं तिचा तुकडा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. म्हणाली, "बाईंच्या हातात द्या. त्या नको म्हणतील, ऐकू नका."

"आणि तुझा पेपर?"

"बाकीच्यांनी दिलेच असतील. माझ्या एकीच्या तुकड्यानं त्यांची नोकरी वाचंल. मी करते काहीतरी."

मी गाडी काढली. अहमदपूरच्या स्टँडवर तिथली बाई पदर सावरत पळत आली, तिचा तुकडा दिला. तोच जळकोटच्या गाडीचा कंडक्टर आला, सुमनबाईचा तुकडा घेऊन. चाकूरला चौथी उभी. प्रत्येकीला वाटलं होतं, बाकीच्यांनी दिले असतील, आपल्या एकीचाच राहिलाय, तेवढा दिला की झालं. कुणी कुणाला विचारलं नाही. चाकूरच्या पुढं गाडी चालवताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अख्खं पुस्तक माझ्या सीटखाली होतं, आणि परीक्षेच्या तोंडावर चौघींचे हात रिकामे.

लातूरला प्रवासी उतरवले. परतीची गाडी लगेच होती. कंडक्टरला म्हणालो, नंबर लागंस्तोवर आलोच, आणि रिक्षा करून कॉलेज गाठलं. खाकी अंगावरच.

हॉलमध्ये सचिव, दोन प्राध्यापक, एक शिपाई. शिपाई पुस्तकं काढून देत होता, प्राध्यापक उघडून बघत होते. निम्मी कपाटं झाली होती. मॅडम त्यांच्यापासून लांब, दाराजवळच्या खुर्चीवर. मी गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं तसं त्यांनी वर बघितलं.

"हे काय?"

"पुस्तक. चारी तुकडे."

"मी मागितले व्हते?"

"न्हाई. त्यांनीच दिले. चौघींनी."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. तो सचिवांच्या भीतीनं नाही, हे मी शपथेवर सांगतो. म्हणाल्या, "म्हणजे आता एकीकडं बी पुस्तक न्हाई?"

"मॅडम, अजून ते कपाट आलं न्हाई. मागच्या खोलीत जाऊन शिवून टाका. तुम्हाला काय, घडीभराचं काम."

"शिवल्यावर आज बाहेर निघंल का ते? कमिटी कुलूप लावून जाणार. पेपर रविवारी हाय."

"पण तुमची नोकरी..."

"गाडी कधी हाय तुमची?"

"आत्ताच. लोक बसले असतील."

"मग इथं काय करून राहिलात?"

"गयानं सांगितलंय, बाईंचं ऐकू नका म्हणून."

"घरी ती तुमची बायको. पुस्तकाच्या बाबतीत माझं चालतं. निघा. जल्दी."

त्यांनी गाठोडं माझ्या छातीवर दाबलं. तेवढ्यात शिपायानं ते कपाट उघडलं. सचिवांनी स्वतःच्या हातानं जाड जिल्द ओढली. ती हलकी लागली म्हणून त्यांनी उलटी केली. वर्तमानपत्राचे बोळे फरशीवर पडले.

"मोमीन मॅडम, हे काय?"

"जिल्द हाय."

"ते दिसतंय मला. आतलं पुस्तक कुठंय?"

"वाचायला गेलंय."

एक प्राध्यापक खोकला. सचिवांची नजर माझ्यावर आली. मी दारात, काखेत गाठोडं. "हे कोण?"

मी तोंड उघडायच्या आत मॅडम उभ्या राहिल्या, माझ्या आणि त्यांच्या मधोमध. "एसटीचे डायवर. त्यांच्या गाडीला उशीर होऊन राहिला. जाऊ द्या त्यांना, साहेब. खोळंबा प्रवाशांचा व्हतो."

पुस्तक काखेत मारून मी सचिवांच्या डोळ्यांदेखत बाहेर पडलो.

परतीला प्रत्येक स्टँडवर हॉर्न दाबून ठेवला. बायकांना काय माहीत मी परत घेऊन येतोय? चाकूरला चहावाल्याला सांगितलं, सकाळी इथं उभी होती ती बाई, तिला बोलव. अहमदपूरचीला तिचा दीर सायकलवर घेऊन आला. जळकोटचा तुकडा दुसऱ्या गाडीत टाकला आणि त्या कंडक्टरला हात जोडले, की बाबा, विसरू नको. घरी आलो तर गया अंगावर धावून आली. "एक काम सांगितलं व्हतं तुम्हाला!" मी झालेलं सांगितलं. ती खाली बसली. तुकडा मांडीवर घेतला. मग पदरानं तोंड पुसलं आणि पान उघडलं. स्वयंपाक त्या दिवशी मी केला.

पुस्तकांची नासधूस केली असा ठपका ठेवून मॅडमना घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत आवारात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम.

पुढचं थोडक्यात सांगतो. चौघी पास झाल्या. गया पर्यवेक्षिका झाली. हॉलमध्ये क्लास बसला. परीक्षा झाल्यावर चौघी तुकडे परत करायला गेल्या, तर ऑफिसातला बाबू म्हणाला, ते पुस्तक खराब म्हणून काढून टाकलंय, आता परत घेता येत नाही. निकालाचे पेढे घेऊन गया गंजगोलाईच्या बोळात गेली. दुकानाला कुलूप. शेजारी म्हणाले, मॅडम बहिणीकडं बिदरला गेल्या. पुढं कुणी सांगितलं हैदराबादला. गया ऑफिसच्या कामानं कुठं गेली तरी कुणी मोमीन दिसलं की विचारायची. तिला एकदा सांगायचं होतं, बाई, झाले मी. ते राहिलं. आता ती पण नाही आणि मॅडम कुठं असतील, असतील का, मला माहीत नाही.

मला त्या शेवटच्या दिसल्या परीक्षेच्या दिवशी.

मी सुट्टी टाकून गयाबरोबर गेलो होतो. परीक्षा त्याच कॉलेजात. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. मॅडम रस्त्याच्या पलीकडं, एका क्लासच्या मोठ्या बोर्डाच्या सावलीत उभ्या. गया धावत जाऊन पाया पडायला वाकली तर त्या मागं सरकल्या. "पाया पडायला येळ हाय का? जा, नंबर बघ तुझा." अहमदपूरची आली, चाकूरची आली, दोघींना तसंच हाकललं. तिघी आत गेल्या. सुमनबाईचा पत्ता नाही.

पहिली घंटा झाली. मॅडम मान लांब करून रस्त्याकडं बघत होत्या. ट्रक गेला, त्यांनी हात कशावर ठेवला नाही. दुसरी घंटा झाली. नामदेव वॉचमन लोखंडी फाटक लोटायला लागला तशा त्या रस्ता ओलांडून गेल्या आणि फटीत पाय घातला.

"नामदेव, थांब. एक बाई यायची हाय."

"मॅडम, तुम्हाला आत सोडू नको म्हणून सांगितलंय."

"आत कोण येऊन राहिलंय? मी भाईरच हाय. पाय तेवढा आत हाय."

"माझी नोकरी जाईल हो."

"माझी गेली. कळतं मला. तरी थांब."

नामदेव फाटकाला हात लावून उभा, वरून कुणीतरी ओरडून राहिलं, बंद कर म्हणून. मी चौकाकडं पळालो. एक काळीपिवळी जीप कडेला थांबली आणि सुमनबाई उडी मारून उतरली, केस सुटलेले, एक चप्पल हातात. गाडी पंक्चर झाली म्हणून सांगायला लागली. मॅडम ओरडल्या, "ते पेपर झाल्यावर सांग!" आणि तिला पाठीवर हात मारून फटीतून आत ढकललं.

"आता पाय काढा, मॅडम," नामदेव म्हणाला. हळूच म्हणाला.

त्यांनी पाय काढला. फाटक लागलं, कडी पडली. मला वाटलं आता त्या जातील. त्या गेल्या नाहीत. तोंड फाटकाकडं करून तशाच उन्हात उभ्या. आत बघायला काही नव्हतं, नुसती भिंत.

मी म्हणालो, "मॅडम, सावलीत चला."

त्या म्हणाल्या, "थांबा जरा. पहिला प्रश्न वाचून होऊ द्या त्यांचा."